प्रकाश येतोय ना?

काल ड्रमसेटला आठ माइक लावून झाले, माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या प्रीॲम्पमधून निघालेली, प्रकाशातून आवाज नेणारी ऑप्टिकल केबल संगणकाला जोडलेल्या इंटरफेसमध्ये खोचली, आणि पडद्यावरचे आठही मीटर मेल्यासारखे पडून राहिले. दोन्ही यंत्रांचा मेळ जमला की स्थिर होणारा सिंकचा दिवा तेवढा लुकलुकत होता. खोलीत मी होतो, ड्रमर होता, आणि ड्रमरला सोडायला आलेले व सोडून झाल्यावरही न गेलेले त्याचे मामा होते.

मामांनी इंटरफेसकडचे टोक उपसून डोळ्यांपाशी नेले आणि जाहीर केले, "लाल प्रकाश येतोय. केबल चांगली आहे."

प्रकाश येणे आणि आवाज येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी नम्रपणे म्हणालो.

"प्रकाशाचा वेग जास्त असतो," मामा म्हणाले. "आवाज मागून येत असेल. थोडं थांबा."

आम्ही खरोखरच थांबलो, हे लिहिताना मला अजूनही लाज वाटते.

मग मी त्यांना शिकवायला गेलो. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या या चौकोनी तोंडातून डिजिटल आवाज दोन पद्धतींनी जातो, एस-पीडिफचे दोन चॅनेल किंवा एडॅटचे आठ (तेही आवाजाचे नमुने घेण्याचा वेग ४८ किलोहर्ट्‌झपर्यंत, ९६ ला चारच), आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, हे मी हातवारे करून सांगितले.

"मग तोंड एकच कशाला ठेवलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरा संताप त्याचाच आहे. हाच घोळ इतर तोंडांचाही. १९८५ च्या एईएस-३ या आणखी एका प्रमाणातला डिजिटल सिग्नल माइकच्याच तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीतून जातो. फक्त केबल ११० ओहमची हवी, आणि ते तिच्याकडे बघून कळत नाही. एस-पीडिफ प्रकाशाऐवजी तारेतून नेणारी ७५ ओहमची कोॲक्स केबल जुन्या टेपरेकॉर्डरच्या आरसीए केबलची जुळी बहीण वाटते. चुकीची केबल मुळीच चालली नसती तर निदान कळले असते. पण ती चार हात अंतरावर गुपचूप चालते आणि लांब ओढली की ऐन टेकमध्ये टकटक करू लागते.

एवढ्यात मामांनी इंटरफेसच्या सेटिंगमधल्या एका ओळीवर बोट ठेवले. "हे एस-पीडिफ लिहिलंय ते काय?"

ते मीच मागच्या आठवड्यात निवडून ठेवले होते. एडॅट केले, केबल परत खोचली, दिवा स्थिर झाला, मीटर उसळले.

"केबल चांगली आहे, हे मी आधीच म्हणालो होतो," मामा म्हणाले. मग भाच्याच्या कानाशी लागून, पण मला ऐकू येईल अशा बेताने, त्यांनी पुस्ती जोडली, "माणूस वाईट नाही. शिकेल."