जामीनदार कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुसऱ्या वाचनापर्यंत राग ओसरला होता, म्हणून आता लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात युक्रेनला १९९४ साली बुडापेस्टमध्ये दिलेली सुरक्षेची हमी रशियानं मोडली’ एवढं लिहून मी मोकळा झालो. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा सोडण्याचा युक्रेनचा मूर्खपणा मात्र झाकला. आपण पोखरण केलं म्हणून वाचलो. आणि एकूणच मी पाश्चात्त्यांची तळी उचलतो.

आधी साठा. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर १७६ आंतरखंडीय क्षेपणास्त्रं आणि सुमारे १,९०० सामरिक अण्वस्त्रं होती, हे खरं. पण ती डागण्याचे संकेत मॉस्कोत होते. तिजोरी आपल्या माजघरात आणि किल्ली वेगळ्या निघालेल्या थोरल्या भावाच्या कमरेला, अशी अवस्था. युक्रेनमधल्या द्नीप्रो शहरातल्या कारखान्यात क्षेपणास्त्रं बनत, त्यामुळे कालांतरानं कुलूप फोडता आलं असतं, हेही मान्य. अण्वस्त्रं बनवण्याचा कारखाना मात्र तिथे नव्हता. १९९३ साली महागाई दहा हजार टक्क्यांच्या वर गेलेली. अशा देशानं वॉशिंग्टन आणि मॉस्को, दोघांशी एकदम वैर घ्यायचं? पोखरणची तुलना इथेच अडते. १९७४ काय नि १९९८ काय, बॉम्ब आपला होता आणि किल्लीही आपलीच.

शिवाय ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्येच कझाकस्तान आणि बेलारूसलाही असेच कागद मिळाले. कझाकस्ताननं हजारावर अण्वस्त्रं सोडली, त्याच्यावर स्वारी झाली नाही. मूर्खपणा शोधायचाच असेल तर १९९९ मध्ये पाहा. गॅसच्या थकबाकीपोटी युक्रेननं ८ तू-१६० आणि ३ तू-९५ बॉम्बर विमानं दिली, तीही रशियालाच!

पण तुम्ही मला जिथे पकडायला हवं होतं तिथे सोडलंत, म्हणून मीच सांगतो. ‘हमी’ हा शब्द मी बेफिकीरपणे वापरला. युक्रेनी आणि रशियन मसुद्यांत तो आहे, पण इंग्रजी मसुद्यात आहे ‘आश्वासन’. आमच्या लेखी हमी म्हणजे आश्वासनच, असं अमेरिकेनं वाटाघाटींतच बजावलं होतं. यातला फरक मराठी माणसाला काय सांगायचा? निवडणुकीत मिळतं ते आश्वासन, पतसंस्थेच्या कागदावर जामीनदार सही करतो ती हमी. माझ्या वडिलांनी एका सहकाऱ्यासाठी अशी सही केली होती. पुढे तीन वर्षं हप्ते त्यांच्या पगारातून कापले गेले.

बुडापेस्टच्या कागदानं पगार कुणाचाच कापला जाणार नव्हता. सीमांचा आदर करू, बळ वापरणार नाही, हे रशिया, अमेरिका, ब्रिटन तिघांनी कबूल केलं. युक्रेनसाठी लढू, असं एकानंही लिहून दिलं नाही. सुरक्षा परिषदेत दाद मागायची तर तीही अण्वस्त्रांचा हल्ला किंवा धमकी असेल तरच, आणि तिथे रशियाकडे व्हेटो. मार्च २०१४ मध्ये क्रिमिया हातचा जात असताना युक्रेननं सल्लामसलतीचं कलम पुढे केलं. अमेरिका आणि ब्रिटन आले, रशिया चर्चेला बसलाच नाही.

तेव्हा तळी उचलण्याबद्दल एवढंच म्हणतो की करार मोडला रशियानं, पण ही शब्दांची चलाखी वॉशिंग्टनची होती आणि ती मूळ लेखात यायला हवी होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये युक्रेनला ‘नेटोच्या कलम ५ सारखी’ (एका सदस्यावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला) हमी देण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा माझी नजर त्या ‘सारखी’वर अडली. मुळात खुद्द कलम ५ सुद्धा प्रत्येक सदस्याला ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करायला सांगतं, त्याहून जास्त काही नाही. फ्रान्स आणि ब्रिटन सैन्य पाठवायला तयार आहेत, पण लढाई थांबल्यावर. जामीनदाराच्या रकान्यात अजून कुणाचं नाव दिसत नाही.

मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.