डिसले गुरुजींच्या सात कोटींबद्दल

‘डिसले गुरुजींना युनेस्कोने सात कोटी दिले, ते सगळे त्यांनीच ठेवले,’ हा मेसेज सोलापूर जिल्ह्यातले शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्याबद्दल पुन्हा फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हे पैसे म्हणजे २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज हा शिक्षकांसाठीचा जागतिक पुरस्कार, आणि तो वार्की फाउंडेशन या संस्थेचा. युनेस्को त्यात भागीदार होती. १० लाख डॉलरपैकी (तेच सात कोटी रुपये) निम्मी रक्कम डिसले यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली, प्रत्येकी सुमारे ५५ हजार डॉलर.

आणि पुरस्कार नुसत्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी (मोबाइलने स्कॅन केल्यावर धड्याचं साहित्य उघडणाऱ्या चौकोनी खुणा) नव्हता. २००९ मध्ये ते परितेवाडीच्या (ता. माढा) जिल्हा परिषद शाळेत आले तेव्हा वर्गाशेजारी गुरांचा गोठा होता. मुलींना शाळेत आणणं, मुलांना त्यांच्या घरच्या भाषेतून धडे समजावणं, खरं काम हेच! पाठ्यपुस्तकांत कोड नंतर राज्यभर आले.