'स्थानिक कलाकार' एवढंच?

नाताळ होऊन तीन आठवडे झाले. कार्यक्रमाची पत्रिका अजून माझ्या पर्समध्ये आहे. फेकवत नाही आणि बघवतही नाही, म्हणून आज लिहायला बसले. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी यंदा आम्ही हँडेल या अठराव्या शतकातल्या युरोपियन संगीतकाराच्या 'मसाया' या ऑरेटोरिओमधले निवडक भाग गायलो. अठ्ठावीस जणांचा क्वायर (गायकवृंद), सोलो गाणारे चौघं, एक व्हायोलिन आणि कीबोर्डवर मी. ऑरेटोरिओ म्हणजे काय हे गावात समजावताना मी कीर्तनाचं उदाहरण देत होते. वेशभूषा नाही, पडदे नाहीत. माणसं उभी राहून कथा गातात, थोडं लयीत, थोडं बोलल्यासारखं. सोळाव्या शतकात रोममध्ये फिलिप नेरी नावाच्या धर्मगुरूंकडे लोक प्रार्थनेच्या खोलीत जमून गायचे. त्या खोलीला ऑरेटोरिओ म्हणत, तेच नाव पुढे या गायनप्रकाराला मिळालं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग रविवारच्या उपासनेत म्हणत वाढलेल्या आमच्या मंडळीला हे समजायला वेळ लागला नाही.

तर ती पत्रिका. सोप्रानो, म्हणजे बायकांचा सगळ्यात उंच आवाज, गायला शहरातून आलेल्या ताईंची ओळख आठ ओळींची आहे. कुठल्या परीक्षा दिल्या, कितवी ग्रेड, गुरू कोण, कुठे कुठे गायल्या. त्यातली एकही ओळ खोटी नाही. ताई सुंदर गायल्या, शिवाय दोन दिवस आधी येऊन आमच्या पोरींना श्वास कुठे घ्यायचा ते जीव लावून शिकवलं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल तिळभरही नाही. पण त्यांच्याखाली बाकी तिघांची नावं एका ओळीत आहेत आणि पुढे लिहिलंय, "स्थानिक कलाकार". छपाईला जाण्याआधी मी विचारलं, यांचं काही लिहायचं नाही का? उत्तर आलं, "त्यांचं बॅकग्राउंड काय लिहायचं?"

काय लिहायचं ते मी सांगते.

टेनरपासून, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजापासून सुरू करते. हे दादा मिशनच्या वसतिगृहात वाढले. तिथल्या वॉर्डननी संध्याकाळच्या जेवणाआधी रोज अर्धा तास टॉनिक सोल्फावर (डो-रे-मी अशा सुरांच्या नावांनी वाचायची पद्धत) चार आवाजांची गीतं घोटून घेतली, तीही सात वर्षं. आज ते वायरमन आहेत. आम्ही मराठीत गात होतो. पहिल्या सोलोत 'Comfort ye' या इंग्रजी शब्दांना तीन स्वर आहेत आणि 'सांत्वन करा' त्यात मावेना, तेव्हा "सांत्वना म्हणू, बरोबर तीन होतात" हे त्यांनीच सुचवलं. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा चाळिसावा अध्याय आमच्याकडे त्या एका शब्दाने सुरू झाला.

बास, म्हणजे पुरुषांचा खालचा आवाज, गाणारे भाऊ शेतकरी. ख्रिस्ती नाहीत. त्यांचं सगळं गाणं खंजिरी भजनाचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला आणि त्यांची सामुदायिक प्रार्थना विदर्भात गावोगाव पोचली. भाऊंच्या गावात ती आजही होते. सूर लावायचा कसा, दहा आवाजांत आपला आवाज मिसळायचा कसा, हे ते तिथे मांडी घालून शिकले. सरावाच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "पट्टी कोणती जी?" मी सांगितली. पाच मिनिटांनी थांबले. "ताई, मधातच षड्ज सरकते इथं." अगदी बरोबर ओळखलं होतं. आपल्याकडे एकदा सा धरला की भजन संपेपर्यंत तो हलत नाही, या संगीतात मात्र तो मध्येच घर बदलतो. वर्षानुवर्षं एक सा कानात पक्का बसलाय म्हणूनच तो कुठे सरकला हे त्यांना कागद न बघता कळलं.

त्यांच्या वाट्याला अंधारात चालणाऱ्या लोकांचं गाणं होतं. त्यात सूर चाचपडत, अर्ध्या अर्ध्या पावलाने जातात आणि 'प्रकाश' आला की वर चढतात. भाऊंच्या शेताला लाईन रात्रीची. हरभऱ्याच्या ओलिताला रात्री एक वाजता बॅटरी घेऊन बांधावरून जातात, वाघाचा भाग आहे. मी त्यांना हे गाणं 'समजावून' द्यायला गेलेच नाही.

आता अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज. हिच्याबद्दल लिहिताना हात थांबतो, कारण तिच्यावरून मंडळीत कुजबुज झाली होती. ती झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. इकडच्या नसलेल्यांसाठी सांगते, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात कापणी आटोपली की दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई (गावजत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि नाटकं चालतात. वडसा हे त्याचं केंद्र. प्रयोग रात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, गाण्यांसकट. म्हणजे आमचा सराव नेमका तिच्या सीझनमध्ये. रात्रभर प्रयोग करून ती दुपारी तीनला चर्चमध्ये यायची, डोळ्याच्या कडेला आदल्या रात्रीचं काजळ तसंच. नोटेशनचा कागद बाजूला ठेवून म्हणाली, "मले कागदावरचं समजत नाही ताई. तुम्ही दोनदा म्हणा, मी धरतो." नऊ दुपारी आम्ही ओळ ओळ धरली.

तिच्या वाट्याच्या गाण्यात येशूबद्दल 'तुच्छ मानलेला' म्हटलं की आवाज थांबतो, व्हायोलिन तोच सुस्कारा टाकतं, मग 'टाकलेला' येतं. आम्ही सगळे त्या थांब्यात मात्रा मोजत होतो. तिने विचारलं, "इथं गाणं काहून थांबते?" मी म्हटलं, व्हायोलिन तुझंच वाक्य परत म्हणतं. "मंजे समोरच्यानं आयकलं," ती म्हणाली, "अन् त्याचं तोंड पाहून मी पुढचं बोलतो." त्यानंतर तिला मात्रा मोजाव्या लागल्या नाहीत. कार्यक्रमात त्या थांब्यावर तिने व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाकडे बघितलं आणि बघतच राहिली. पुढच्या बाकावरच्या आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला होता, तो गाणं संपेपर्यंत काढला नाही.

'मसाया'चा इतिहास उघडून बघा, ही काही नवी गोष्ट नाही. हँडेलने हे काम 1741 मध्ये 24 दिवसांत लिहिलं आणि 13 एप्रिल 1742 ला डब्लिनमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. सोप्रानो एक इटालियन गायिका, बरेचसे पुरुष गायक गावातल्या दोन कॅथीड्रलच्या क्वायरमधले आणि हेच, आमच्या अल्टोने गायलेलं गाणं म्हणायला सुझॅना सिबर उभी होती. ती नाटकातली नटी होती. वडील गाद्या-खुर्च्या मढवायचे. नवऱ्याने तिच्या प्रियकराला कोर्टात खेचून तिची लंडनभर बदनामी केलेली. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या चार्ल्स बर्नीने तिच्या आवाजाला नुसता धागा म्हटलं आणि संगीताचं ज्ञान बेताचं असल्याचंही लिहिलं. पण ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालायची तिची ताकद त्यालाही नाकारता आली नाही. त्या दिवशी श्रोत्यांतले एक धर्मगुरू उठून "बाई, या गाण्यासाठी तुझी सगळी पापं माफ होवोत" म्हणाले, असं सांगतात. मला हे वाक्य कधीच पुरतं पटलं नाही. तिला माफी कसली? रंगभूमीवर जे कमावलं तेच तिने तिथे ओतलं. त्या कार्यक्रमाच्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेली 142 माणसं सुटली. कर्ज म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

शिक्षण नको, परीक्षा नकोत, असं मी म्हणत नाहीये. माझी स्वतःची मुलगी परीक्षेची तयारी करतेय आणि तिला वाचून गाता यावं यासाठी मी मागे लागते. पण परीक्षेचा कागद असेल तरच गळ्याला पार्श्वभूमी असते, हे कुणी ठरवलं? सात वर्षं रोज अर्धा तास, हे शिक्षण नाही? गेल्या काही वर्षांत बाहेरही लोक मानायला लागलेत. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. आणि त्याच रंगभूमीवरची बाई आमच्याकडे गायली तेव्हा तिच्या नावापुढे लिहायला आम्हाला एक ओळ सुचली नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती थांबली नाही. बाहेर गाडी उभी होती, रात्री तीस किलोमीटरवर प्रयोग होता. केक कागदात बांधून दिला आणि पत्रिकेची घडी करून तिने ब्लाऊजच्या खिशात ठेवली. वाचली का, ते मला विचारवलं नाही.

ईस्टरला आम्ही परत गाणार आहोत. यावेळी पत्रिका मी लिहिणार, असं पाळकसाहेबांना सांगितलंय, ते हो म्हणाले. चौघांनाही आठ आठ ओळी. काल बासवाल्या भाऊंना फोन करून विचारलं, काय लिहू? बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काकाजीच्या मंडळात चौदा वर्षं खंजिरी वाजवली, ते लिहा. अन् काकाजीचं नाव वर टाका, माझ्या आधी." काकाजी आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. नाव छापायचं तर त्यांना विचारायला हवं, म्हणून रविवारी उपासनेनंतर त्यांच्या घरी जाणार आहे.