आजारी माणसाला नीत्शे फॉरवर्ड करणाऱ्यांनो, जरा थांबा

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलेय. लांबलं तर लांबू दे.

आमच्या एका ग्रुपवर एका मैत्रिणीने काल रात्री उशिरा लिहिलं की ऑपरेशननंतरचं दुखणं काही केल्या कमी होत नाहीये, झोप नाही, आता सहन होत नाही. एवढंच. सल्ला मागितला नव्हता तिने. आज सकाळी बघते तर तिच्या मेसेजखाली एक फोटो. काळं बॅकग्राउंड, नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाच्या त्या भल्यामोठ्या मिशा, आणि ठळक अक्षरांत 'जे मला मारत नाही, ते मला अधिक बळकट करतं - नीत्शे'. खाली अंगठे, दंडाचे इमोजी, 'एकदम खरंय', 'फायटर आहेस तू'. तिने 'थँक्यू' लिहिलं आणि त्यानंतर दिवसभर एक अक्षर नाही. गप्प बसवलंत ना तिला.

आणि मग वर कळस म्हणजे एकाने लिहिलं, 'अरे हा तर हिटलरचा गुरू, याचं कशाला टाकताय?' झालं, पुढचा तासभर हिटलर. जिच्या दुखण्यावरून सुरू झालं ती राहिली बाजूलाच.

या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. माझ्या ताईला मायग्रेन आहे. डोकं दुखतं, गोळी घेतली, झोपली, उठली, असलं नाही. ज्यांच्या घरात खरा मायग्रेन आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. खिडकीला जाड पडदा, त्यावर अजून एक चादर, उशाशी बादली, आणि बाहेर आम्ही सगळे एखादं भांडं पडू नये म्हणून श्वास धरून चालायचो. असाच एकदा तिचा दुसरा की तिसरा दिवस चालू होता आणि नात्यातले एक काका भेटायला आले. आत गेले, खट्कन दिवा लावला, आणि दारातच उभं राहून हेच वाक्य म्हणाले. नीत्शेच्या नावासकट. ताईने डोळ्यांवर हात घेतला आणि तसंच पडल्या पडल्या विचारलं, "काका, तो माणूस पुढे बरा झाला का हो?"

काकांना माहीत नव्हतं. "फार मोठा तत्त्वज्ञ होता," एवढं म्हणाले आणि गेले. दिवा तसाच चालू.

ताईचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही आणि त्या एका प्रश्नापायी मी नीत्शे वाचायला लागले. आधी त्याचं आयुष्य वाचलं, मग पुस्तकं, जमतील तशी, अडखळत. तर उत्तर आहे, नाही. नाही झाला बरा.

२४ व्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात प्रोफेसर झालेला माणूस हा, १८६९ ची गोष्ट, डॉक्टरेट हातात नसताना बोलावून घेतलं होतं त्याला. आणि दहा वर्षांत, १८७९ ला, नोकरी सोडावी लागली. का, तर डोकं आणि डोळे. तीन-तीन दिवस थांबायचं नाव न घेणारी डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन नाही, वाचायला बसलं की डोळे साथ सोडायचे. १८८२ ला तर डोळ्यांपायी टाइपरायटर मागवून बघितला बिचाऱ्याने, तोही धड चालला नाही. मी हे वाचत होते आणि मला आमची ती खोली दिसत होती, पडद्यावरची चादर दिसत होती. जे वाक्य काकांनी ताईला ऐकवलं ते लिहिणारा ताईच्याच जातीचा पेशंट होता, आणि काकांना त्याचा पत्ताच नाही.

नोकरी गेल्यावर पुढची दहा वर्षं हा माणूस भाड्याच्या खोल्यांतून फिरतोय. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या डोंगरात सिल्स मारिया, थंडीत जेनोआ, नीस, शेवटी तुरीन. कुठली हवा सोसेल, कुठला उजेड सोसेल, एवढंच शोधत. आणि त्याच काळात 'झरथुष्ट्र' हे त्याचं गाजलेलं पुस्तक लिहिलं, 'बियाँड गुड अँड ईव्हिल' लिहिलं. झरथुष्ट्रच्या चौथ्या भागाच्या फक्त ४० प्रती त्याने स्वतःच्या पैशाने छापल्या, कारण प्रकाशक नाही आणि वाचकही नाहीत. कोपनहेगनमध्ये जॉर्ज ब्रँडेस या डॅनिश समीक्षकाने १८८८ ला त्याच्यावर व्याख्यानं दिली तेव्हा कुठे बाहेर त्याचं नाव व्हायला लागलं आणि पुढच्याच जानेवारीत हा तुरीनमध्ये कोसळला. ४४ वर्षांचा होता. घोड्याच्या गळ्यात पडून रडल्याची ती गोष्ट सगळे सांगतात, तिचा पुरावा कच्चा आहे, सोडून द्या. पक्कं काय आहे, तर त्याने मित्रांना वेड्यासारखी पत्रं लिहिली, आणि फ्रान्झ ओव्हरबेक नावाचा मित्र गाडी पकडून तुरीनला गेला आणि त्याला घेऊन आला. पत्राला उत्तर म्हणून सुविचार नाही पाठवला त्याने, स्वतः गेला.

नंतर बाझेल, मग येनाचं मनोरुग्णालय, आणि १८९० पासून आई. फ्रान्झिस्का, एका पाद्र्याची विधवा, देवभोळी बाई. ज्या पोराने 'देव मेला आहे' लिहिलं त्याला ती न्हाऊ-माखू घालत होती, हात धरून फिरवत होती, १८९७ ला स्वतः जाईपर्यंत. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीत सगळ्यात बळकट माणूस ती आहे, पण तिचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता हिटलर. ग्रुपवर तिथे बोलले नाही, इथे बोलते.

नीत्शेची बहीण एलिझाबेथ. तिने फोर्स्टर नावाच्या कट्टर ज्यूद्वेष्ट्याशी लग्न केलं, दोघं पॅराग्वेला गेले 'शुद्ध जर्मन' वसाहत वसवायला, ती फसली, नवऱ्याने १८८९ ला आत्महत्या केली, आणि बाई परत आली. परत येऊन बघते तर भाऊ वेडा, पण प्रसिद्ध. बस, तिने ताबा घेतला. कागदपत्रं, हक्क, सगळं. आई गेल्यावर त्याला वायमारला एका बंगल्यात नेलं, पांढरा झगा घातला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना दाखवलं. ज्याला स्वतःचं नाव धड कळत नव्हतं त्याला! हे वाचलं तेव्हा मला त्या दिव्याचीच आठवण झाली. आजारी माणसाच्या खोलीत शिरून, त्याला काय होतंय याची काडीचीही फिकीर न करता, आपल्याला हवं ते करून निघून जायचं.

१९०० च्या ऑगस्टमध्ये तो गेला, आणि १९०१ ला तिने त्याच्या टिपणांची कापाकापी करून 'विल टू पॉवर' नावाचं पुस्तक काढलं, १९०६ ला अजून फुगवून. या नावाचं पुस्तक लिहायचा बेत त्याने स्वतः केव्हाच सोडून दिलेला होता. त्याच्या पत्रांत तिने खाडाखोड केली, काही तर बनवलीच. पुढे नाझी आले तेव्हा तिने दार सताड उघडलं, हिटलर तिथे यायचा, १९३५ ला तिच्या अंत्यविधीलाही हजर होता. आणि ज्या भावाच्या नावावर हे सगळं चाललं त्याने १८८७ ला तिलाच पत्र लिहिलं होतं की तू ज्यूद्वेष्ट्यांच्या म्होरक्याशी नातं जोडलंस याने मी संतापलोय. कोलि आणि मोंतिनारी या दोन इटालियन अभ्यासकांनी वायमारला बसून त्याच्या हाताने लिहिलेली पानं एकेक करून तपासली, १९६७ पासून त्यांची आवृत्ती यायला लागली, तेव्हा कुठे ही घाण बरीचशी निस्तरली. तरी आपल्याकडे अजून 'हिटलरचा गुरू'. एक ओळ कुठेतरी वाचायची आणि ठोकून द्यायची!

बरं, सगळा दोष बहिणीवर ढकलून मोकळं होता येत नाही, हेही मान्य. दुबळ्यांनी नाहीसं व्हावं, असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, तिथे एलिझाबेथ नव्हती. बायकांबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, पुढे बरेच दिवस उघडलं नाही. आणि ज्या पुस्तकात ते 'बळकट' वालं वाक्य आहे ना, 'ट्वायलाइट ऑफ द आयडॉल्स', १८८८ मध्ये लिहिलेलं, त्याच पुस्तकात बरंच पुढे आहे की आजारी माणूस म्हणजे समाजावर जगणारं बांडगूळ. हो. तेच पुस्तक. तोच लेखक. फॉरवर्ड करणाऱ्या किती जणांनी ते पान बघितलंय? माझ्या मैत्रिणीला तेही पाठवणार का, त्याच फोटोवर, त्याच ठळक अक्षरांत?

ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. माझी ताई बांडगूळ? जी तीन दिवस अंधारात काढून चौथ्या दिवशी केस विंचरून कामावर जाते ती? आणि तू रे, तू कशावर जगत होतास? बाझेल विद्यापीठाच्या पेन्शनवर, वर्षाला ३००० फ्रँक, आजारपणामुळेच मिळालेल्या! ती पेन्शन नसती तर एक पुस्तक झालं नसतं. आणि शेवटची अकरा वर्षं घास भरवायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागत होता.

पण हे टाइप करता करता राग उतरतोय थोडा. कारण मला वाटतं ते बांडगूळ वगैरे तो कोणाबद्दल लिहीत होता ते दिसतंच आहे. रोज सकाळी स्वतःच्या अंगाला शिव्या घालत उठणारा माणूस असंच लिहिणार. ताईसुद्धा वाईट दिवसांत स्वतःबद्दल जे बोलते ते मी इथे लिहू शकत नाही. म्हणून ते खरं ठरत नाही, आणि त्याला माफही होत नाही, कारण पुढे लोकांनी त्या ओळींचं काय केलं ते आपण सगळे जाणतो. पण कुठून आलं ते मला कळतं. तसंच ते 'बळकट' वालं वाक्यही, ते त्याने स्वतःला सांगितलंय. अंधाऱ्या खोलीत पडलेल्याने स्वतःला सांगायची गोष्ट आहे ती. बाहेरून येऊन दिवा लावणाऱ्याने म्हणायची नाही.

आणि एवढंही नाही. दुखण्याबद्दल त्याला खरंच काय वाटत होतं ते बघायचं असेल तर त्याच्या 'गे सायन्स' या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना वाचा, १८८६ मध्ये लिहिलेली. त्यात तो म्हणतो की मोठं, लांबत जाणारं दुखणं, जे आपल्याला ओल्या लाकडांवर जाळल्यासारखं सावकाश जाळतं, ते आपल्याला आपल्या तळापर्यंत उतरायला भाग पाडतं. आणि पुढे, अशा दुखण्याने माणूस सुधारतो की नाही याची मला शंका आहे, पण तो खोल होतो हे मला ठाऊक आहे.

शंका आहे म्हणतोय तो! ज्याच्या नावाने तुम्ही दंडाचे इमोजी टाकताय तो म्हणतोय. ओली लाकडं हा शब्द ज्याने लिहिला त्याला दुखणं माहीत होतं, धूर जास्त, जाळ कमी, आणि संपतच नाही. ही ओळ मी ताईला वाचून दाखवली होती, तिच्या एका बऱ्या दिवशी. ती म्हणाली, "हे बरोबर आहे." मग म्हणाली, "आणि खोल व्हायचं नव्हतं मला, मला त्या दिवशी सिनेमाला जायचं होतं." मला नीत्शेवरच्या कुठल्याही लेखापेक्षा हे जास्त पटलं. नीत्शेला पटलं असतं का माहीत नाही, पटावं अशी माझी इच्छा आहे.

आता कोणीतरी येऊन म्हणेल की ताई, अहो चांगल्या मनानेच पाठवतात लोक. पाठवत असतील. काकाही वाईट नव्हते, ताईच्या औषधांना त्यांनी नंतर मदतही केली, ते मी विसरलेले नाही. पण चांगल्या मनाने लावलेला दिवासुद्धा डोळ्यांत खुपतोच, आणि समोरचा माणूस विव्हळत असताना आपलं मन किती चांगलं हे त्याने का बघायचं? आपण घाबरतो दुखणं बघून, आपल्याला ते लवकर संपवायचं असतं म्हणून वाक्य फेकतो. नीत्शेचं फेकतो कारण जर्मन नाव आहे, वजन पडतं.

आणि हो, कोणाला या वाक्याने खरंच बळ मिळत असेल तर मिळू दे, मी कोण नाही म्हणणारी. माझ्या मैत्रिणीने उद्या स्वतः ते स्टेटसला लावलं तर पहिला लाइक माझा. तिने लावायचं, तिला वाटलं तर. तुम्ही तिच्या अंगावर टाकायचं नाही.

मी दुपारी फोन केला तिला. अर्धा तास बोलली, दुखण्याबद्दल पाच मिनिटं, बाकी सगळं डॉक्टर किती तुसडेपणाने बोलतात त्याबद्दल. पुन्हा करणार आहे. ग्रुपमधल्या बाकीच्यांनीही करा, नंबर आहे तुमच्याकडे. आणि तो हिटलरवाला वाद घालायचाच असेल तर इथे माझ्या पोस्टखाली घाला, मी आहे रात्रभर, तिच्या मेसेजखाली नको.