नॉन-ग्लेअर काचेच्या तक्रारीबद्दल दुकानातर्फे उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. 'आजोबांचा फोटो धुरकट दिसतो, २३५० रुपये घेऊन साधी काचही धड बसवता आली नाही, त्यापेक्षा लॅमिनेशन परवडलं असतं' असं तुम्ही लिहिलंय. इतक्या हौसेने करून घेतलेल्या फ्रेमचा तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल क्षमस्व. गुरुवारचं काम सोमवारवर गेलं, त्याबद्दलही. ती काच मुंबईहून मागवावी लागते आणि पावसात टेम्पो अडकला. असो.

पण 'साधी काचही' हे वाचून मात्र लागलं. कारण साधी काच बसवा, असं मीच तुम्हाला सांगत होतो.

फोटो बाल्कनीसमोरच्या भिंतीवर लागणार, त्यात नुसता उजेड आणि टीव्हीच दिसेल, म्हणून तुम्हाला नॉन-ग्लेअर हवी होती. मागणी चुकीची नव्हती. पण ही काच केमिकलने किंचित खरखरीत केलेली असते. समोरचा उजेड तिच्यावर विखुरतो, म्हणून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत नाही. तशीच ती आतल्या फोटोची रेघही विखुरते. बटर पेपरसारखं आहे हे: अक्षरांवर टेकवला तर वाचता येतं, जरा उचलला की पुसट. तुम्ही काचेचा तुकडा काउंटरवर फोटोवर आडवा ठेवलात आणि 'बघा, किती क्लिअर' म्हणालात. मी तोच तुकडा मुद्दाम थोडा वर उचलून दाखवला, तेव्हा आजोबांच्या फेट्याची किनार आणि चष्म्याची काडी लगेच विरघळल्यासारखी झाली. नेमका तेव्हा तुमचा फोन वाजला. त्याला माझा इलाज नव्हता.

त्यात डबल माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, एकावर एक दोन. बाहेर क्रीम, आत मरून रंगाची बारीक पट्टी. निवड सुंदर होती, ते तेव्हाही बोललो होतो. पण एक माउंट बोर्ड साधारण दीड मिलिमीटरचा. दोन लावले की काच फोटोपासून तीन मिलिमीटर लांब गेली. म्हणून म्हटलं, डबल माउंट ठेवायचा तर साधी २ एमएमची काच घ्या, नाहीतर नॉन-ग्लेअर घ्या आणि माउंट एकच ठेवा. तुम्हाला दोन्ही हवं होतं. तिसरी, कोटिंगवाली काच येते, तिच्यात प्रतिबिंबही जवळजवळ नाही आणि धुरकटपणाही नाही. तिचा भाव ऐकून तुम्ही 'राहू द्या' म्हणालात. बरोबरच आहे, मलाही ती परवडत नाही.

'मग माउंटच काढून टाका' असं तुमच्या भावाने नंतर फोनवर सुचवलं. ते मी करणार नाही. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यात दमट हवेत तो मऊ पडतो आणि काचेला टेकलेला असेल तर चिकटून बसतो. असे फोटो माझ्याकडे येतात. काच काढायला जावं तर गालाचा नाहीतर कपाळाचा तुकडा काचेबरोबर निघतो. माउंट दिसायला छान म्हणून असतोच, पण फोटो आणि काच यांच्यात हवा राहावी हे त्याचं खरं काम.

लॅमिनेशन मीही करतो, आणि स्वस्तात करतो. पण ते गरम दाबून एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर, कायमचं बसतं, पुन्हा सुटत नाही. कॉपीवर खुशाल करा. घरातली एकुलती एक मूळ प्रत मी लॅमिनेट करत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. तुमच्या फोटोची जुनी प्लाय काढून मागे ॲसिड-फ्री, म्हणजे फोटोला खराब न करणारा, बोर्ड घातलाय. तो भिंतीवर कुणाला दिसत नाही, त्यामुळे रिव्ह्यूतही आला नाही.

आणखी एक. तुम्ही टाकलेल्या फोटोत माउंटच्या खालच्या कोपऱ्यात ओलसर डाग दिसतोय. फ्रेम दुकानातून गेली तेव्हा तो नव्हता, आमच्याकडे डिलिव्हरीचा फोटो आहे. काच पुसायचा स्प्रे थेट काचेवर मारला की पाणी फ्रेमच्या पट्टीच्या कडेतून आत उतरतं. फडक्यावर मारून पुसा. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही, पण तो डागही आमच्याच नावावर लागलाय.

फडके रोडच्या आतल्या गल्लीत आमचं दुकान वडिलांपासून आहे. हल्ली माणसं आधी मोबाईलवर स्टार बघतात, मग गल्लीत वळतात. तुमच्या रिव्ह्यूनंतर एका गिऱ्हाइकाने दारातच विचारलं, 'तुमच्याकडे फोटो धुरकट होतात का?' काय सांगणार?

दोन्ही काचांच्या तयार फ्रेम शेजारी शेजारी भिंतीवर लावायचं चाललंय, म्हणजे मला तोंडाने समजवावं लागणार नाही. तुमची काच बदलून साधी बसवून देतो, मजुरी घेणार नाही, काचेचं बघू काय ते. डागाळलेला माउंटही जमला तर त्यातच बदलतो. फ्रेम घरी उघडू नका, मागचे खिळे बारीक आहेत, पट्टीचा कोपरा सुटेल. चादरीत गुंडाळून आणा. दुपारी १ ते ४ सोडून कधीही या, आणि या वेळी फोटो जिथे लागतो त्या भिंतीचा दुपारचा एक फोटो काढून आणा.