मातृदेवो भव, पण पावसाळ्यात

हॉटेल मॅनेजमेंटला जायचं ठरवलंत? अभिनंदन. आता ही बातमी आधी घरी फोडा. आईला ती पचायला वेळ लागेल. शेजारच्या काकूंना मुळीच लागणार नाही. त्या लगेच विचारतील, "म्हणजे कपबश्या विसळणार का रे?" तुम्ही न चिडता 'मॅनेजमेंट' हा शब्द तीनदा उच्चारा. काकूंचं बरोबर होतं हे पहिल्या ट्रेनिंगमध्ये कळेलच, पण तोवर फी भरून झालेली असेल.

आमचं दादरचं कॅटरिंग कॉलेज 1954 पासून ही विद्या शिकवतंय. विद्येचे भाग चार: फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस आणि किचन. मुलाखतीत सगळे फ्रंट ऑफिसच मागतात, कारण तिथे सूट असतो आणि एसी असतो. तुम्हीही मागा. मग हाउसकीपिंगमध्ये रुजू व्हा.

तिथे पलंगावर चादर घालायला शिकाल. हसू नका. कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडून गादीखाली असा सारायचा, की लिफाफा चिकटवल्यासारखा दिसला पाहिजे. माझा सुपरवायझर काही बोलायचा नाही. यायचा, दोन बोटांनी चादर उपसायचा आणि निघून जायचा. पहिल्या दिवशी एकाच पलंगावर त्याने अकरा वेळा उपसली. बाराव्यांदा चादर घालेस्तोवर माझ्या मनातला सूट इस्त्रीसकट उतरला होता. ही विद्या मात्र जन्माची पुरते. आजही घरी कोपरा लोंबताना दिसला की मी बोलून जातो आणि बायको शांतपणे चादर माझ्या हातात देते.

तिथून सर्व्हिसला गेलात की ब्रेक शिफ्टची ओळख करून घ्या. सकाळी सात ते अकरा नाश्ता, रात्री सात ते अकरा जेवण. कागदावर आठच तास. मधले आठ तास सर्वस्वी तुमचे. घरी जाऊन यायला कमी आणि लॉकर रूमच्या बाकावर काढायला जास्त. किचनचं विचाराल तर तिथे फक्त 'येस शेफ' एवढं म्हणायचं. शेफने मीठ जास्त पडल्याचं सांगितलं तरी हेच आणि कमी पडल्याचं सांगितलं तरी हेच.

हे सगळं सोसून मॅनेजर झालात की खरा अभ्यास सुरू. पहिला धडा भाषेचा. 'नाही' हा शब्द शब्दकोशातून काढा. समुद्राचा आवाज कमी करा असं पाहुण्याने सांगितलं, तर म्हणा, "लगेच बघतो, सर." बघायला कुणाचं काय जातंय? समुद्र आहेच समोर.

दुसरा धडा गणिताचा. शंभर खोल्यांपैकी साठ भरल्या आणि सरासरी दर 5,000 रुपये मिळाला, तर रेव्हपार म्हणजे उपलब्ध खोलीमागचं उत्पन्न 3,000. जनरल मॅनेजर सकाळी देवाआधी या आकड्याचं दर्शन घेतात. तो वाढावा म्हणून दर रोज हलतात आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांना वेगवेगळं भाडं पडतं. दोन्ही कुटुंबं नाश्त्याला एका टेबलावर बसणार नाहीत एवढं पाहणं, याला व्यवस्थापन म्हणतात. शिवाय काहीजण ऐनवेळी येत नाहीत, म्हणून शंभर खोल्यांचं बुकिंग एकशे चार घ्यायचं. आणि एकशे चारही आले तर? रात्री साडेअकराला, पेंगुळलेली पोरं खांद्यावर घेतलेल्या चौघांना दुसऱ्या हॉटेलात पोचवायचं, तेही 'आपल्यासाठी खास व्यवस्था केली आहे' अशा चेहऱ्याने. सूट यासाठीच दिलेला असतो.

आता तत्त्वज्ञान. 'अतिथिदेवो भव' ही पाटी तुमच्या लॉबीत असणारच. वचन तैत्तिरीय उपनिषदातलं आहे. तिथे क्रम असा: मातृदेवो भव, पितृदेवो भव, आचार्यदेवो भव आणि मग अतिथी. चौथा नंबर! आपल्या धंद्याने पहिले तिघे वेटिंग लिस्टवर टाकले, एवढाच काय तो बदल. गोव्यात नोकरी लागली तर दिवाळीच्या आसपास सीझन चढतो, नाताळात उकळतो आणि 31 डिसेंबरला तुम्ही दुसऱ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या चढवत असता. लक्ष्मीपूजनाला लॉबीत दीड तास खपून रांगोळी घाला, तिचा फोटो आईला पाठवा. ती विचारेल, "जेवलास का?" उत्तर रात्री एकला द्या. रजा मागायचीच असेल तर जुलैत मागा, तेव्हा ती हसत मिळते.

आईलाच जुलैत बोलवा ना! पावसाळी दर, वर स्टाफ डिस्काउंट. ती येईल, डब्यात चकल्या घेऊन. तुम्ही नेमके एका लग्नाच्या बँक्वेटमध्ये अडकलेले असाल. सकाळी हाउसकीपिंगचा पोरगा सांगत येईल, "सर, दोनशे सातमध्ये काही कामच नाही. मॅडमनी पलंग आवरला, टॉवेल धुऊन वाळत टाकला, वर मलाच चकली दिली." कौतुकाने ऐकून घ्या. त्याच्या अजून तेरा खोल्या बाकी आहेत, थांबवू नका.

ती गेल्यावर सिस्टीम आपणहून तिला अभिप्राय मागेल. ती चष्मा लावून इमानदारीने लिहील: 'खोली स्वच्छ. मुलं गुणी आहेत. चहा फार पांचट. मॅनेजरांची भेट झाली नाही.' पाचपैकी तीन तारे.

चोवीस तासांत उत्तर देण्याचा नियम आहे. मसुदा तयारच असतो, फक्त नाव बदला: 'आदरणीय पाहुणे, आपण वेळ काढून अभिप्राय दिलात याबद्दल आभारी आहोत. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. चहाबाबत संबंधित विभागाला सूचना दिली आहे. पुन्हा आपली सेवा करण्याची संधी द्यावी. आपला नम्र, मॅनेजर.'