पाचशे सदतीस मतं आणि माडबनचं कुंपण

"सांग रे ह्यांना, तुमच्या अमेरिकेत अजून कागदावरच मतदान होतं ना?"

राजापूरच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला असं साक्षीला ओढलं, त्याला कारण मारकडवाडी. २०२४च्या विधानसभा निकालानंतर माळशिरस तालुक्यातल्या ह्या गावानं मतदानयंत्रावर विश्वास नाही म्हणून स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते मतदान झालंच नाही. तेव्हापासून ग्रुपवर दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, कागद आणा म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. दुसऱ्याचं, हरलात की मशीन वाईट आणि जिंकलात की गुणी. एरवी मी तोंड उघडलं की दोन्हीकडून एकच उत्तर येतं : तुला इथे मत नाही, तू गप्प बस. ते खरंही आहे. पासपोर्ट बदलला तेव्हा मतही गेलं. त्याआधी होतं, पण ते द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून बूथवर हजर व्हायला हवं होतं.

आता विचारलंच आहे तर सांगतो. कागद आहे. मी राहतो त्या फ्लोरिडातल्या पाम बीच कौंटीत २००० सालीही कागदच होता. त्या कागदानं काय केलं ते ऐकून दोन्ही तट माझ्यावर उखडतील.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मी इथे आलो होतो. मत नव्हतं, गाडी नव्हती. डेलरे बीचला ज्या इमारतीत खोली मिळाली तिथे बहुतेक न्यूयॉर्कहून निवृत्त होऊन आलेले ज्यू म्हातारे-म्हाताऱ्या होत्या. त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार अल गोर यांनी उपाध्यक्षपदासाठी जो लीबरमन यांना उभं केलं, मोठ्या पक्षाचा पहिला ज्यू उमेदवार, तेव्हा खालच्या मजल्यावर अक्षरशः केक कापला होता. मतदान ७ नोव्हेंबरला झालं. दुसऱ्या दिवशी कपडे धुवायच्या खोलीत शेजारच्या आजी माझ्यासमोर मशीनवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "मला वाटतं मी ब्युकॅननला मत दिलं." पॅट ब्युकॅनन म्हणजे अध्यक्षपदाचे आणखी एक उमेदवार, ज्यूंच्या बाबतीत ज्यांच्या बोलण्यालिहिण्यावर वर्षानुवर्षं आक्षेप घेतला गेला होता ते गृहस्थ. आजींच्या डोळ्यांत पाणी होतं.

झालं होतं असं. अध्यक्ष-उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या दहा जोड्या रिंगणात होत्या. कौंटीच्या निवडणूक अधिकारी बाईंनी म्हाताऱ्यांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं केलं. (बाई स्वतः गोर यांच्याच पक्षाच्या.) मोठ्या अक्षरात नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि टोचायची भोकं ठेवली मधोमध, एका रांगेत. डाव्या पानावर पहिले रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश, दुसरे गोर. पण भोकांच्या रांगेत दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं, आणि गोर यांचं तिसरं. डावं पान वाचून दुसऱ्या नावासाठी दुसरं भोक टोचलं की मत ब्युकॅनन यांना. कुणाच्या लक्षात आलं म्हणून त्यांनी तिसरंही टोचलं, की मत बाद. ब्युकॅनन यांना ह्या कौंटीत ३,४०७ मतं पडली आणि ह्यातली बरीचशी माझी नसावीत, असं ते स्वतःच टीव्हीवर म्हणाले. दोन भोकं पडून बाद झालेल्या मतपत्रिका एकोणीस हजारांच्या आसपास. आणि बुश यांनी सबंध फ्लोरिडा, म्हणजे २५ इलेक्टोरल मतं आणि त्यासोबत अध्यक्षपद, जिंकलं ते ५३७ मतांनी. देशभरात गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती, पण इथला हिशेब राज्याराज्यांचा : राज्य जिंकलं की त्याची इलेक्टोरल मतं, बहुतेक ठिकाणी सगळीच, त्या उमेदवाराला.

पुढचे पाच आठवडे भिंगातून कागद बघण्यात गेले. भोक पाडल्यावर गळून पडायचा जो टिकलीएवढा तुकडा, त्याला चॅड म्हणतात. तो लोंबकळणारा, नुसती खळी पडलेला, पोट आलेला, असे त्याचे प्रकार आम्ही रोज टीव्हीवर शिकत होतो. बाहेरदेशातून, मुख्यतः लष्करातून, आलेली टपाली मतं मोजली तेव्हा बुश यांची आघाडी ३०० वरून ९३० वर गेली. परदेशस्थांना गप्प बसवणाऱ्या माझ्या मित्रांनी हा आकडा जरा पाहावा. १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार अशी फेरमोजणी थांबवली. दुसऱ्या दिवशी गोर यांनी हार मानली आणि ६ जानेवारीला उपाध्यक्ष या नात्यानं संसदेत स्वतःच्याच पराभवाची मोजणी चालवली. आक्षेप घेणाऱ्या स्वपक्षीयांना त्यांनीच नियम दाखवून खाली बसवलं.

आता जर-तर. आपल्याकडे ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ म्हणून हा खेळ उडवून लावतात, आणि तेच लोक विश्वासरावांना गोळी लागली नसती तर पानिपतात काय झालं असतं यावर रात्र काढतात. मला जर-तरचे दोन प्रकार दिसतात. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर उभे राहिले नसते तर (त्यांना फ्लोरिडात ९७,४८८ मतं), गोर आपल्या टेनेसीत पडले नसते तर, न्यू हँपशायर थोडक्यात गेलं नसतं तर : ह्या प्रत्येकात माणसं बदलावी लागतात, त्यांची मनं बदलावी लागतात. गोर यांना टेनेसी मिळालं असतं तर फ्लोरिडाची गरजच नव्हती, हे खरं, पण मग ते वेगळेच गोर झाले असते. पाम बीचच्या ‘जर’ला असं काही लागत नाही. तेच मतदार, तीच मनं, तोच दिवस. फक्त पान एकच ठेवा. एवढा छोटा ‘जर’ इतिहासात फार क्वचित मिळतो, म्हणून मी तो सोडत नाही.

तो ओढायचा किती, हा प्रश्न वेगळा. इथल्या जेवणाच्या टेबलांवर तो थेट इराकपर्यंत जातो. गोर यांनी सप्टेंबर २००२ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत इराकच्या युद्धाविरुद्ध भाषण केलं, तेव्हा तेवढं मी मानतो. पण लोक विसरतात की त्या जगात उपाध्यक्ष लीबरमन असते आणि लीबरमन युद्धाचे खंदे समर्थक. हवामानाचंही तसंच. क्योटोच्या हवामान कराराच्या धर्तीच्या कराराविरुद्ध सिनेटनं, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहानं, १९९७ मध्ये ९५ विरुद्ध शून्य असा ठराव केला होता, त्यापुढे गोर काय करणार होते? अध्यक्ष झाले असते तर २००७चा नोबेल मात्र बहुधा हुकला असता.

मला स्वतःला ओढून बघावासा वाटतो तो दुसरा धागा. भारतानं १९९६ मध्ये अणुचाचणी-बंदी कराराला नकार दिला होता. अमेरिकी सिनेटनं तो १९९९ मध्ये फेटाळला, तेव्हा आपण निवडून आलो तर तो पुन्हा सिनेटपुढे नेऊ, असं गोर यांनी जाहीर केलं. अशा अध्यक्षानं जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंगांशी अणुकराराचं निवेदन काढलं असतं? माझं उत्तर नाही, निदान इतक्या लवकर नाही. करार नाही म्हणजे सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला दिलेली सवलत नाही. ती नाही म्हणजे फ्रेंच अणुभट्ट्या नाहीत. आणि फ्रेंच अणुभट्ट्या नाहीत म्हणजे माडबनच्या सड्यावर जैतापूर अणुप्रकल्पाच्या ९,९०० मेगावॉटच्या नावानं घातलेलं ते कुंपण नाही. आमच्या गावाहून ते तासाभरावर आहे. एप्रिल २०११ मध्ये नाटे गावात प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि एक माणूस गेला, तेव्हा मी इथे रात्री जागून मराठी बातम्या बघत होतो आणि मला त्या कपडे धुवायच्या खोलीतल्या आजी आठवत होत्या. ही साखळी तकलादू आहे, मला कळतं. प्रत्येक कडीला दुसरी दहा कारणं जोडलेली आहेत. तरी आठवल्या.

बाबांना हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुझा गोर राहू दे, आमचे दंडवते १९९१ला राजापुरातून पडले नसते तर?" १९७१ पासून निवडून येणारे मधु दंडवते त्या वर्षी हरले, ते दुःख बाबांना शेवटपर्यंत होतं. मग काय झालं असतं विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, संसदेत एक माणूस बरं बोलला असता."

ग्रुपवर मी एवढं लांब लिहिलं नाही. मुंबई उत्तर-पश्चिमची आठवण तेवढी दिली. २०२४च्या लोकसभेला तिथे यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते, टपाली मतं मिळवली आणि रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. निकाल फिरवला तो कागदानं. कागदवाले चिडले. मग यंत्रवाल्यांना सांगितलं की व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, तुमच्या आईला मोतीबिंदू आहे, तिला ती खरंच वाचता येते का ते एकदा विचारून ये. तेही चिडले. कुणी चोरी केली का, हे आपण तावातावानं विचारतो. पान कुणी मांडलं, अक्षर केवढं, बाण कुठे, ह्यावर कुणाचं रक्त तापत नाही. इथेही तापत नाही. २०१८ मध्ये आमच्याच शेजारच्या ब्रॉवर्ड कौंटीत मतपत्रिकेच्या डाव्या कोपऱ्यात, लांबलचक सूचनांच्या खाली, सिनेटची जागा छापली. हजारो लोकांना ती दिसलीच नाही. सिनेटची ती जागा सबंध राज्यात १०,०३३ मतांनी गेली. अठरा वर्षांत शेजारच्या कौंटीचा धडा तीस मैल सरकला नव्हता.

आता टोचायचं कार्ड नाही. जाड कागद मिळतो, त्यावर नावाशेजारचा लंबगोल काळ्या शाईनं भरायचा आणि कागद यंत्रात सरकवायचा. गेल्या खेपेला मी नाव वाचलं, लंबगोल भरला, पुन्हा नावापासून लंबगोलापर्यंत बोट नेलं, मग कागद उलटा करून मागे काही राहिलंय का पाहिलं, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. रांगेतल्या बाई खाकरल्या.